इसार देण्याआधी माती तपासा

आपल्या पत्राचा आशय असा आहे: शेजारच्या भूखंडांपेक्षा सुमारे एक दशांश कमी दराने एक सखल, अलीकडेच भराव घातलेला भूखंड आपल्याला मिळतो आहे. विक्रेत्याला आठवड्याभरात इसार हवा आहे. बचतीचा मोठा भाग खरेदीत जाईल, दोन वर्षांनी कर्ज काढून एकमजली घर बांधायचे आणि मागे भाजीपाला लावायचा, असा आपला बेत आहे. माती परीक्षणाचा खर्च आत्ता करावा की बांधकामाच्या वेळी, असे आपण विचारता. तो आत्ताच करावा, आणि अहवाल हाती येईपर्यंत परत न मिळणारी कोणतीही रक्कम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बांधकामाच्या वेळी तो अहवाल फक्त पाया कसा घ्यायचा एवढेच सांगेल. खरेदीपूर्वी मिळाला तर किंमत किती द्यावी हे तो सांगेल आणि व्यवहार सोडून देण्याचा मार्गही मोकळा ठेवेल.

सवलतीचे कारण बहुधा भरावातच आहे. पातळ थरांत, योग्य ओलावा राखून रोलरने दाबलेला भराव भार पेलू शकतो. ट्रकमधून नुसता ओतलेला भराव मात्र स्वतःच्याच वजनाने कित्येक वर्षे बसत राहतो. घराचा अर्धा भाग भरावावर आणि अर्धा मूळ जमिनीवर आला, तर दोन्ही बाजू सारख्या खचत नाहीत, आणि भिंतींना तडे जातात ते मुख्यतः या असमान खचण्यामुळे. भरावाखाली जुने तळे किंवा नाला असेल, तर तेथील सेंद्रिय गाळ आणखी दबतो. म्हणून जुने नकाशे पाहावेत आणि शेजारच्या घरांच्या भिंती व जोते नीट न्याहाळावे, पण त्यावर थांबू नये, कारण काही मीटरवर जमिनीचा थर बदलू शकतो.

‘घर एकमजलीच आहे, एवढ्या तपासणीची गरज काय?’ असे आपण लिहिता. फुगणाऱ्या चिकणमातीच्या बाबतीत हा तर्क उलटा पडतो. माँटमोरिलोनाइट खनिज भरपूर असलेली काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की भेगाळते. तिचा वर रेटणारा दाब हलक्या घराच्या वजनाला जुमानत नाही, त्यामुळे अशा जमिनीत जड इमारतीपेक्षा लहान घरालाच अधिक इजा होते. तेथे पाया ऋतूनुसार ओलावा बदलणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो किंवा पाइल (खोल जाणारे खांबासारखे पाये) घ्यावे लागतात, आणि त्याने अंदाजपत्रक बदलते.

जिओटेक्निकल तज्ज्ञाकडून, म्हणजे पायाखालची जमीन तपासणाऱ्या अभियंत्याकडून, घराच्या नियोजित जागेखाली किमान दोन बोअर (माती तपासण्यासाठीची खोल छिद्रे) घ्यावेत आणि ते भराव ओलांडून मूळ जमिनीत पुरेसे खोल जावेत, असा आग्रह धरा. प्रमाणित भेदन चाचणीत 63.5 किलोचा हातोडा सुमारे 75 सेंटीमीटरवरून टाकून बोअरच्या तळाशी नमुना घेणारी नळी जमिनीत ठोकतात आणि त्यासाठी लागलेले ठोके मोजतात. त्यावरून थर किती घट्ट आहे ते कळते. त्याखेरीज धारण क्षमता (जमीन किती भार पेलेल), फुगण्याची प्रवृत्ती, काँक्रीटला घातक सल्फेट आणि भूजल पातळी यांचे आकडे अहवालात असावेत. भूजल पातळी पावसाळ्यानंतर सर्वांत वर असते, म्हणून कोरड्या ऋतूतील नोंदीवर विसंबू नये.

बागेची चिंता त्यामानाने कमी करावी. अनेक ठिकाणांहून 15 ते 20 सेंटीमीटर खोलीपर्यंतचा नमुना घेऊन सामू (आम्ल-विम्लता), विद्युत वाहकता (क्षारांचे प्रमाण दाखवणारी) आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन) तपासून घेणे पुरेसे आहे. कर्ब शेणखत, कंपोस्टने हळूहळू वाढवता येतो, चोपण (सोडियम जास्त असलेली) माती जिप्समने सुधारते, आणि हा खर्च वर्षांमध्ये विभागता येतो. पाण्याचा निचरा नसलेली खारवट जमीन मात्र अपवाद आहे, कारण निचऱ्याविना क्षार धुऊन जात नाहीत.

आता हिशेब. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून अहवालाच्या आधारे पायाच्या जादा खर्चाचा लेखी अंदाज घ्या आणि त्याची तुलना मिळणाऱ्या सवलतीशी करा. जादा खर्च सवलतीपेक्षा कमी असेल तर व्यवहार विचारात घेण्याजोगा आहे. जास्त असेल तर तेवढी किंमत उतरवून मागा. लक्षात घ्या, हा खर्च बांधकामाच्या अगदी सुरुवातीला येतो, तर कर्जाची रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते, म्हणून खरेदीनंतर तो भागवण्याइतकी रोकड शिल्लक राहिलीच पाहिजे. हळूहळू खचल्यामुळे होणारे नुकसान गृहविम्यात सहसा वगळलेले असते. म्हणजे घराची दुरुस्ती आपल्याच खिशातून होईल, आणि तोवर कर्जाचे हप्तेही सुरू असतील.

इसार द्यावाच लागला, तर तो लहान ठेवा आणि परीक्षण समाधानकारक न आल्यास पूर्ण परत मिळेल, अशी लेखी अट घाला. अट मान्य करून बोअर घेऊ देणाऱ्या विक्रेत्यासाठी आठवडाभर अधिक थांबावे; बोअर घेण्यास नकार देणाऱ्याचा भूखंड, कितीही स्वस्त असला तरी, मी आपल्याला घेऊ देणार नाही.