पात्राचं नाव कोणी ठेवलं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांत अडचण एकच होती: पात्राला नाव काय द्यायचं? म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : १६६० सालच्या मावळात घडणारी किशोर कादंबरी लिहिते आहे. नायक पंधरा वर्षांचा आदित्य, बहीण मृण्मयी, मित्र शौर्य. संपादकांनी तिन्ही नावं बदलायला सांगितली. शब्द तर अस्सल संस्कृत आहेत, मग चुकलं कुठे? – एक वाचक, कराड

उत्तर : शब्द जुना असला म्हणून नाव जुनं होत नाही. 'आदित्य' वेदांत आहे, पण मावळातल्या कुणब्याच्या घरी १६४५ साली पाळण्याभोवती जमलेल्या बायकांच्या तोंडी तो येणार नाही. आणि नाव ठेवतात त्या बायका, पात्र नव्हे. तेव्हा आधी साधी वजाबाकी करा: कथेचं साल वजा पात्राचं वय. जे साल येईल त्या सालच्या बारशाला जाऊन बसा आणि चार गोष्टी विचारा. कुलदैवत कोणतं? आजा-पणजाचं नाव काय? नवस कोणाला बोलला होता? आधीची मुलं जगली का?

या चार उत्तरांतून नाव बहुतेक आपोआप पुढे येतं. घरात खंडोबा असेल तर खंडोजी किंवा मल्हारजी, भैरोबा असेल तर बहिर्जी, जोतिबा असेल तर जोत्याजी. आधीची दोन मुलं गेली असतील तर धोंडजी, दगडोजी, भिकाजी. मुलाला दगडधोंड्याचं किंवा भिकेचं नाव दिलं की त्याला दृष्ट लागत नाही आणि मृत्यू त्याच्याकडे वळून बघत नाही, अशी समजूत होती. अशा एका नावानं आईच्या पोटातली भीती वाचकाला न सांगता कळते.

पुढचं पथ्य आजच्या लेखकांना जड जातं. त्या काळातल्या मराठी नावांत फारसी-अरबी शब्द मुबलक आहेत: हैबतराव, सुलतानजी, सर्जेराव, दर्याजी, फिरंगोजी. खुद्द शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी, आणि हे नाव अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला केलेल्या नवसावरून आलं अशी परंपरा आहे. ही नावं गाळून सगळी पात्रं शुद्ध संस्कृत नावांची केली की सतरावं शतक हातचं जातं.

'राव'ही जपून वापरा. प्रत्येक मावळ्याला राव लावला की खऱ्या मानकऱ्याला वेगळं काही उरत नाही. हंबीरराव हा तर किताब, माणसाचं नाव हंसाजी मोहिते. याउलट नावाचं शेपूट बदलत नेलं की माणसाची चढती पायरी दिसते. तुमच्या नायकाला आई 'खंड्या' म्हणेल, गावचा पाटील 'खंडू' म्हणेल आणि फौजेच्या हजेरीत तो 'खंडोजी' होईल. ज्या प्रकरणात पहिल्यांदा कोणी त्याला 'खंडोजी' म्हणून हाक मारील, तिथे तो मोठा झाला हे वेगळं लिहावं लागणार नाही.

मुलींसाठी सई, सखू, राणू, पुतळा, येसू अशी दोन अक्षरांची, फार तर तीन अक्षरांची नावं घ्या. 'बाई' कागदोपत्री आणि लग्नानंतर लागते, घरात आठ वर्षांच्या पोरीला कोणी 'राणूबाई' म्हणत नाही, लाडानं म्हटलं तरच. म्हणून आमची सूचना अशी: खंडू, राणू, आणि मित्र धोंडजी.

कधी आणखी चारशे वर्षं मागे यादवकाळात गेलात, तर हीसुद्धा नावं चालणार नाहीत. महानुभावांच्या ग्रंथांत बायका भेटतात त्या महदाइसा, उमाइसा, आबाइसा. नामदेवांचे मुलगे नारा, विठा, गोंदा, महादा आणि सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. या चार सुनांची नावं एका दमात म्हणून बघा, ते घर डोळ्यांपुढे उभं राहतं.

प्रश्न : १८८५ च्या पुण्यातल्या ब्राह्मण कुटुंबावर दीर्घकथा आहे. नायिकेचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव वेगळं ठेवावं का? ती नवऱ्याला काय म्हणेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : वेगळं ठेवाच. माहेरसाठी नदीचं नाव शोभून दिसेल. आनंदीबाई जोशी (जन्म १८६५) माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. सत्यभामाबाई टिळक माहेरच्या तापी, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई माहेरच्या गोदू. सासरचं नाव लग्नात तांदळावर लिहिलं जाई आणि ते बहुधा पौराणिक असे: रमा, सत्यभामा, लक्ष्मी, रुक्मिणी. घरात सासूचं किंवा मोठ्या जावेचं नाव जे असेल ते टाळायचं, नाहीतर हाक मारताना घोटाळा. माहेरचं माणूस दारात आलं आणि 'यमे' म्हणालं, तर पाच वर्षांनी ती हाक ऐकणाऱ्या मुलीचं काय होईल, याचा प्रसंग जरूर लिहा.

नवऱ्याचं नाव ती उखाण्याखेरीज घेणार नाही. बोलताना कर्ताच गाळेल: 'इकडून यायचं झालं का?', 'स्वारी बाहेर गेली आहे.' सासऱ्यांना मामंजी, दिरांना भाऊजी, नणंदेला वन्सं. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि आजोबांचं नाव तर नातवाला ठेवायची रीत. मग सुनेनं स्वतःच्या मुलाला हाक कशी मारायची? म्हणून त्या मुलाचा बाळ, नाना, बापू, अप्पा होतो. टिळकांचं पाळण्यातलं नाव पणजोबांवरून केशव, आणि जगभर झालं ते बाळ. तेव्हा कथेत टोपणनाव आलं की त्याच्यामागे कोणाचं नाव दडलं आहे, ते स्वतःच्या टिपणात लिहून ठेवा.

आणखी एक बारकी खूण प्रत्ययांत आहे. त्या काळच्या लिखाणात 'माधवाने', 'गोविंदास' असं नावाचं सामान्यरूप होतं. आज आपण 'माधवने', 'अमितला' लिहितो. निवेदन जुन्या वळणाचं असेल तर रूपंही जुनीच ठेवा. एका पानावर 'माधवाने' आणि दुसऱ्यावर 'माधवने' आलं की कापड उसवतं.

प्रश्न : एकाच घरातल्या चार पिढ्यांची कादंबरी आहे, १९३० ते आजपर्यंत. नावांची यादी कुठून मिळवू? – एक वाचक, नांदेड

उत्तर : बाळांच्या नावांची छापील पुस्तकं बाजूला ठेवा, त्यांत सगळे काळ एकत्र कालवलेले असतात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदार याद्या यादीभागानुसार मिळतात. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक हे सगळं त्यात असतं. तुमच्या कथेतल्या गावाची किंवा शेजारच्या गावाची एक यादी उतरवून घ्या. आज ज्यांचं वय ७० ते ८० आहे अशी चाळीस-पन्नास नावं एका कागदावर, ४० ते ५० वयाची दुसऱ्या कागदावर. वडिलांच्या रकान्यातून आणखी एक पिढी मागे जाता येतं. तासाभरात त्या गावाची चव कळते: कोणती आडनावं दाट, कोणती नावं फक्त एकाच वस्तीत. मात्र कोणाचंही पूर्ण नाव जसंच्या तसं उचलू नका. नाव एका ओळीतून, आडनाव दुसरीकडून घ्या. कोकणातली आणि देशावरची बरीच घराणी कुळवृत्तांत छापतात, त्यांत तर वंशावळच असते.

ढोबळ मानाने शहरी मध्यमवर्गात १९३० च्या आसपास कमल, विमल, शांता, मालती, सुशीला. १९५५ नंतर शोभा, रेखा, सुनंदा आणि अशोक, सुरेश, प्रकाश. १९७५-८० ला मनीषा, वैशाली, संदीप, अमोल. २०१५ च्या बालवर्गात अन्वी, स्वरा, आरव, विहान. खेड्यात हीच लाट बहुधा दहा-पंधरा वर्षं उशिरा पोचते, आणि थोरल्या मुलाला जुनं, शेंडेफळाला नवं असंही एकाच घरात दिसतं. भावंडांची नावं म्हणूनच एकत्र ठरवा.

तुमचं कुटुंब आंबेडकरी चळवळीतलं असेल तर १९५६ हे साल नावांत दिसलंच पाहिजे. जुन्या कागदांत सिदनाक, रायनाक अशी 'नाक' लागणारी नावं. पुढे आजोबा धोंडिबा, कचरू. आणि धर्मांतरानंतर जन्मलेली नातवंडं मिलिंद, सिद्धार्थ, राहुल, सुजाता, प्रज्ञा. कचरूच्या घरात प्रज्ञा जन्मते, हा बदल घरच्यांनी समजून-उमजून केलेला असतो. त्याला दोन ओळीत उरकू नका, बारशाचा अख्खा प्रसंग द्या.

नाव बदलण्याचा एक अलीकडचा दाखलाही हाताशी असू द्या. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं देण्यात आली. आणि शेवटच्या पिढीचं बाळ १ मे २०२४ नंतर जन्मलं असेल, तर महाराष्ट्रात त्याच्या सरकारी कागदावर क्रम असा येईल: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

प्रश्न : किनारपट्टीवरच्या कथेत एक मुसलमान, एक बेने इस्रायली (कोकणातला मराठी बोलणारा ज्यू) आणि एक गोव्याचा ख्रिस्ती अशी पात्रं आहेत. ती ठोकळेबाज होऊ नयेत. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ठोकळा बहुधा आडनावात तयार होतो. कोकणी मुसलमानाला सरसकट 'खान' करू नका. तुमच्याच तालुक्यात परकार, मुकादम, खतीब, चौगुले, दळवी आहेत. हमीद दलवाई जवळच्या मिरजोळीचे. हेच पात्र मराठवाड्यातलं असतं तर रचनाच फिरली असती. तिथे शेख, सय्यद हे नावाच्या आधी येतं आणि वडिलांच्या नावाआधी पुन्हा येतं: शेख रशीद शेख इस्माईल.

बेने इस्रायलींची आडनावं गावावरून: पेणकर, रोहेकर, किहीमकर. अठराव्या शतकातल्या कथेत 'सॅम्युअल' लिहिलं की चुकलं, कारण तेव्हा हिब्रू नावाला मराठी 'जी' लागून ते इथलं झालं होतं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १७९६ साली बांधणारे ते सामाजी हसाजी दिवेकर. 'सामाजी'त सॅम्युअल आहे आणि 'हसाजी'त इझिकेल. हीच नावं इंग्रजी वळणानं लिहिण्याची पद्धत नंतरची. म्हणजे आजोबा सामाजी आणि नातू सॅम्युअल, असं एकाच नावाचं दोन पिढ्यांतलं रूप तुम्हाला वापरता येईल.

गोव्यातलं पात्र १९२० चं असेल तर कागदावर पोर्तुगीज आणि घरात कोंकणी: चर्चच्या वहीत जुआंव, सेबास्तियांव, काएतानो, आणि अंगणातून हाक येते ती जुवांव, बास्त्यांव, कायतान. 'जॉन' लिहायचा असेल तर त्या घराचा मुंबईशी संबंध आधी दाखवा. आडनावावरून नातं जोडू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं एकच आडनाव परस्परांशी काही संबंध नसलेल्या घरांत आढळतं.

प्रश्न : रोमन प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळावर मुलांसाठी कथा लिहितो आहे. दोन बहिणी आणि एक गुलाम आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : बहिणींना वेगवेगळी सुंदर नावं द्यायचा मोह होईल, तो आवरा. मुलीला घराण्याच्या नावाचं स्त्रीरूप मिळे: तुल्लियुस घराण्याची ती तुल्लिया, युलियुसची ती युलिया. दोघी असल्या तर थोरली 'मायोर', धाकटी 'मिनोर'; मार्क अँटनीच्या दोन मुली अशाच, दोघीही अंतोनिया. घरात त्यांना कोणत्या लाडक्या नावानं हाक मारायची ते तुम्ही ठरवा, पण दाराबाहेर दोघींचं नाव एकच असणं ही कथेतली गंमत आणि दुःख दोन्ही आहे, तिथे थांबा.

पुरुषांची पहिली नावं रोजच्या वापरात जेमतेम दीड डझन होती: मार्कुस, गाइयुस, लुकियुस, पुब्लियुस वगैरे. नवं घडवू नका. गुलामाला एकच नाव, पुष्कळदा ग्रीक. तो मुक्त झाला की मालकाचं पहिलं आणि घराण्याचं नाव त्याला लागतं, जुनं नाव शेवटी उरतं. सिसरोचा लेखनिक तिरो मुक्त झाल्यावर मार्कुस तुल्लियुस तिरो झाला.

लिहिण्यापूर्वी एक निर्णय घ्या: इंग्रजीमार्गे आलेलं 'ज्युलियस' की लॅटिन उच्चाराचं 'युलियुस'. दोन्ही चालतील, मिसळून चालणार नाहीत. मराठी वाचकाच्या सवयीचा विचार करता फक्त प्रसिद्ध माणसं रूढ रूपात ठेवून बाकी सगळे लॅटिन उच्चारात ठेवणं आम्हाला बरं वाटतं. हा नियम आम्ही वरही पाळला आहे: सिसरो रूढ, तुल्लिया लॅटिन.

प्रश्न : माझ्या कथेतली पात्रं वाचकांना एकमेकांत गोंधळायला लावतात. – एक वाचक, बेळगाव

उत्तर : पात्रांची नावं उभी लिहून काढा आणि फक्त पहिलं अक्षर बघा. सुमन, सुमती, सुधा, सुहास असं निघालं तर दोन बदला. डोळा पहिलं अक्षर आणि नावाची लांबी एवढंच टिपतो. मग प्रत्येक नावाला 'ने', 'ला', 'चा' लावून आणि लांबून हाक मारून बघा. 'ए सुम्ये' म्हटल्यावर दोन पात्रं वळून बघत असतील तर अजून एक नाव बदलायचं राहिलं आहे.