सांघिक डावावर टिपा लिहिताना गुणफलकही लिहा

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा : आंतरतालुका सांघिक बुद्धिबळ स्पर्धेतल्या डावांची पुस्तिका काढताय. चौथ्या पटावर तुमच्या मुलाकडे पांढरी मोहरी होती. राजा ई४, प्यादं ई२, समोर काळा राजा ई६, चाल पांढऱ्याची. त्यानं बरोबरी देऊ केली. तिथे दोन प्रश्नचिन्हं (म्हणजे ‘घोडचूक’ अशी खूण) द्यायची का, आणि हीच स्थिती ‘पांढरा खेळून जिंकतो, उत्तर फक्त ई३’ असं कोडं म्हणून छापायची का?

प्रश्नचिन्हं अजिबात देऊ नका. तुम्हीच लिहिलंय की बाकीचे तीन डाव संपले होते, संघ २–१ असा पुढे होता आणि मुलाच्या घड्याळात ४० सेकंद उरले होते. अर्ध्या गुणानं सामना २½–१½ असा खिशात आला. इंजिनला, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणकाला, एकच पट दिसतो, मुलाला चारही दिसत होते. देशांच्या संघांच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्येसुद्धा २००८च्या ड्रेस्डेनपासून क्रमवारी आधी सामन्यांच्या गुणांवर लागते, त्याआधी पटांवरचे गुण मोजत. २०२४ला बुडापेस्टमध्ये आपल्या खुल्या संघानं ११ पैकी १० सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि (विजयाला २, बरोबरीला १ अशा हिशेबानं) २२ पैकी २१ गुण घेऊन सुवर्ण जिंकलं. तुमच्या स्पर्धेत गुण समान झाल्यावर पटांवरचे गुण मोजतात का, तेवढं नियमात बघून घ्या. मोजत असतील तर सोडलेल्या अर्ध्या गुणाची किंमत टिपेत लिहा. नाहीतर चालीशेजारी ‘सामना २–१, वेळ ०:४०’ एवढं पुरे.

मी बरीच वर्षं संघाचा कर्णधार होतो. कर्णधार खेळाडूला ‘बरोबरी घे’ म्हणू शकतो, पण पटावरच्या स्थितीबद्दल चकार शब्द काढू शकत नाही. त्या एका शब्दामागे बाकीचे तीन पट असतात, आणि पुस्तिकेत नेमकं तेच गळून जातं. वर्षभरानं कुणीतरी डाव लावून बघतो आणि पोराला वेड्यात काढतो. मला याचा फार त्रास होतो.

आता कोडं. ‘उत्तर फक्त ई३’ हे चूक आहे. राजा डी४ किंवा एफ४लाही नेला तरी पांढरा जिंकतो. ई२वरच्या प्याद्यासाठी डी४, ई४, एफ४ ही तिन्ही मोक्याची घरं आहेत. त्यातल्या एकावर राजा बसला की झालं. राजा डी४ला नेल्यावर काळा डी६ला आला, तर तेव्हा ई३ खेळा. राजे समोरासमोर, चाल काळ्याची, त्याला बाजूला व्हावंच लागतं.

पण याच स्थितीत एक सुंदर जोडकोडं दडलंय. प्यादं ई२ऐवजी ई३वर ठेवा, बाकी सगळं तेच, चाल पांढऱ्याचीच. आता बरोबरी! प्याद्याची ई३ ही राखीव चाल संपलेली असते, आणि पांढरा राजा जिकडे सरकेल तिकडे काळा समोर येऊन उभा राहतो. दोन्ही आकृत्या शेजारी छापा आणि विचारा : कुठे विजय, कुठे बरोबरी, आणि का? मुलं यावर तासभर भांडतील.

‘एकच उत्तर’ छापण्याआधी मात्र दहा जणांना सोडवायला द्या. १८९५ला ग्लासगोच्या एका वर्तमानपत्रात बुद्धिबळाचं सदर लिहिणाऱ्या बार्बिये यांनी एक स्थिती बरोबरीची म्हणून छापली होती. पांढरा राजा बी६, प्यादं सी७, काळा राजा ए१, हत्ती डी५, चाल काळ्याची. साव्हेद्रा नावाच्या पाद्र्याला तिच्यात पांढऱ्याचा विजय सापडला. राजा शह चुकवत सी२पर्यंत येतो, काळा हत्ती डी४ला थांबतो. आता प्यादं सी८ला पोचवून त्याचा वजीर घेतला तर काळा हत्ती सी४वर शह देतो, आणि तो मारला की स्टेलमेट, म्हणजे काळ्याला शह नाही पण चालही नाही, म्हणून बरोबरी. म्हणून सी८ला वजीर नाही, हत्ती घ्यायचा. त्याची धमकी ए८वरून मातेची. काळ्यानं हत्ती ए४ला आणला की राजा बी३, आणि बी३वरून मात व हत्ती दोन्हींवर एकदम डोळा.

पुस्तिकेचा कच्चा मसुदा इथे टाका. चौथ्या पटाच्या टिपा मी स्वतः तपासून देतो.