सभेला जायचे आहे, पण कोणत्या?

प्रश्न : मी गोव्यातील डिचोली तालुक्यात राहतो. वय ४६ वर्षे. गेली अनेक वर्षे रोज संध्याकाळी दारू पितो आणि आता ती सोडावी असे मनापासून वाटते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेच्या सभांबद्दल ऐकले आहे. परंतु त्या चर्चच्या सभागृहात भरतात असे कळते, आणि मी हिंदू आहे. तेथे मराठीत बोलता येईल का? ओळखीचे कोणी भेटले तर? पत्नीला बरोबर नेता येईल का? हल्ली सकाळी उठल्यावर हात थरथरतात, हेही सांगून ठेवतो.
— एक वाचक

उत्तर : पत्राची शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, मी मात्र तीच आधी घेतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या आणि सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनाने एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, ताप चढणे असे प्रकार होऊ शकतात, जे वेळीच उपचार न मिळाल्यास जिवावर बेततात. म्हणून प्रथम डॉक्टरांना भेटा. बांबोळीची मनोविकार संस्था, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात, त्यासाठीच आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयातूनही तेथे पाठवले जाते. जायचे धाडस होत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. सभा ही औषधोपचारांची जागा घेत नाही, आणि सभेत बसणारी जाणती मंडळीही तुम्हाला हेच सांगतील.

आता सभांविषयी. एएची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे झाली. बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही दारूने पुरते ग्रासलेले, एकमेकांशी बोलता बोलता सावरले. आजही सभेचे मूळ तेच आहे. प्रवेशाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. वर्गणी नाही, शेवटी एक पिशवी फिरते, तीत ज्याला जमेल तो टाकतो, आणि नवख्याने काही टाकले नाही तरी चालते. सभागृह चर्चचे असले तरी संघटना कोणत्याही धर्माशी बांधलेली नाही. जागा मिळते म्हणून सभा तेथे भरते. दारूतून सावरण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, हे मात्र लपवण्यात अर्थ नाही. पण तो ईश्वर ज्याला जसा कळेल तसा मानावा, असे तेथेच म्हटले आहे, आणि काहीजण ईश्वराच्या जागी आपला गटच मानून चालतात.

ओळखीच्या माणसाची भीती खरी आहे. गोव्यात दोन गावांपलीकडचा माणूसही मामाच्या नात्यातला निघतो. तरी विचार करा, त्या खोलीत जो तुम्हाला पाहील तोही तेथे स्वतःच्या पायांनी आलेला असेल. सभेत आडनाव सांगायची गरज नसते आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नसते. हा कायदा नव्हे, शिरस्ता आहे, आणि तो पाळला जातो तो बहुधा प्रत्येकाला स्वतःचीच काळजी असल्यामुळे. (तावेर्नात, म्हणजे दारूच्या दुकानात, शिरताना आपण कोणाच्या नजरेस पडतो, याची इतकी चिंता क्वचितच कोणी केली असेल.) सुरुवातीला डिचोली टाळून म्हापसा किंवा पणजी निवडायची तर निवडा, मात्र सभा बहुधा संध्याकाळी असतात, तेव्हा परतीची कदंब बस मिळेल का ते आधी पाहा. दूरची उत्तम सभा महिन्यातून एकदा गाठण्यापेक्षा जवळची साधारण सभा आठवड्यातून दोनदा गाठणे केव्हाही अधिक उपयोगी, असे माझे मत आहे.

शोधताना एएच्या भारतातील संकेतस्थळावरील माहिती पाहा, पण केवळ तिच्यावर विसंबू नका, कारण जागा आणि वेळा बदलतात. आधी दूरध्वनी करून गट अजून चालू आहे का, भाषा कोणती, आत जाण्याचा दरवाजा कोठे आहे हे विचारा. बाहेर ठळक फलक असेलच असे नाही. कोणीतरी दारात उभे राहून तुम्हाला आत नेईल का, हेही निःसंकोच विचारा. असे विचारणारे तुम्ही पहिले नसाल. कोकणी सभेत मराठीत बोललात तरी ऐकणाऱ्यांना ते समजेलच, आणि पहिल्या दिवशी बोलायचे नसेल तर ‘आज मी फक्त ऐकतो’ एवढे म्हणणे पुरते. एका गटात मन रमले नाही, तर सगळ्या सभांवर फुली न मारता दुसरा गट पाहा. माणसे बदलली की सभेचा सूरही बदलतो.

राहिला पत्नीचा प्रश्न. सभा दोन प्रकारच्या असतात, खुली आणि बंद. बंद सभेत फक्त दारूची अडचण असलेलेच बसतात. खुल्या सभेला पत्नी तुमच्याबरोबर येऊ शकतात. म्हणून दूरध्वनीवर खुली सभा कोणत्या वारी असते ते विचारून घ्या, नाहीतर त्यांना व्हरांड्यात ताटकळावे लागेल. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाची वेगळी संघटना १९५१ पासून काम करते. त्यांची इच्छा असेल तर तिच्या सभांची चौकशी त्यांनी स्वतः करावी. त्यासाठी तुम्ही दारू सोडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.