ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांत तेच ते असतं, तरी लोक त्या का वाचतात?

तिसऱ्या पानावर शेवट कळतो, मग उरलेली तीनशे पानं कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी वीसेक वर्षं वाचतेय. सुरुवात नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या मराठी कादंबऱ्यांनी झाली. आता मोबाइलवर इंग्रजी रीजन्सीही चालते, म्हणजे १८११ ते १८२० मधलं बग्ग्यांचं आणि ड्यूकांचं इंग्लंड. शेवट ठाऊक असतो म्हणूनच तर वाचते. कीर्तनाला बसलेल्यांना रावण मरणार हे माहीत नसतं का? बुवा रंगवतात कसं, ते ऐकायला जातो आपण.

माझा लाडका साचा म्हणजे सोयीचं लग्न. आधी बोहलं, मग ओळख, मग प्रेम. आपल्या आज्या-पणज्यांची तर ती रीतच होती. त्यात नावाची गंमत असते. रीजन्सीतली नायिका 'माय लॉर्ड' सोडून नायकाला पहिल्यांदा नावाने हाक मारते, ते पान मी दोनदा वाचते. आणि आपल्याकडे? बायकोने नवऱ्याचं नावच घ्यायचं नाही. घ्यायचं तर उखाण्यात, चारचौघींसमोर, लाजत. वाड्यात माणसांचा राबता, दिवसा मोठ्यांदेखत दोघांनी बोलायची सोय नाही. म्हणजे तांब्या पुढे करताना, विडा देताना जे काय होईल तेवढंच. एवढं सामान आयतं हाताशी असताना काही लेखक काय करतात, तर पेशवाईतल्या सुनेला चांदण्यात गच्चीवर एकटी सोडतात आणि नवऱ्याला 'अरे' म्हणायला लावतात! तिथे मी पुस्तक मिटते.

वयाचंही तेच. त्या काळी ब्राह्मण घरातल्या मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी व्हायचं. कादंबरीत मात्र ती वीस वर्षांची, घोड्यावर मांड टाकलेली, आणि 'ही अजून कशी उजवली नाही' असं एकही आत्याबाई विचारत नाही.

इंग्रजीतही तीच गत. तेव्हा अख्ख्या ब्रिटनमध्ये ड्यूक असतील दोन-अडीच डझन; कादंबऱ्यांत गल्लोगल्ली एकेक, तोही तिशीतला आणि देखणा. हे मला चालतं, हौस आहे. काळ नुसता कपड्यांपुरता वापरलेला चालत नाही. १७५३ च्या कायद्यामुळे इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालच्यांना लग्नाला वडिलांची संमती लागायची, म्हणून जोडपी स्कॉटलंडची हद्द ओलांडून ग्रेटना ग्रीनला पळायची. पळून जाण्याच्या साच्यात जीव येतो तो या अडचणीने. शिवाय लग्न झालं की बाईची रोकड, दागिने सगळं नवऱ्याचं. हे नीट बदललं ते १८८२ च्या कायद्याने. हे डोक्यात ठेवलं की बाहेरख्याली नायकाला 'हो' म्हणताना ती केवढा जुगार खेळतेय ते कळतं. पण लेखिकाच ते विसरते आणि शेवटी कुणा चुलत आजोबांची इस्टेट नायिकेच्या पदरात टाकते. सुंठीवाचून खोकला गेला!

(गैरसमजाच्या साच्याबद्दल मी बोलतच नाही. एका वाक्यात मिटणारं दोनशे पानं ताणतात.)

जाता जाता एक. मी गंगापूर रोडला राहते, आनंदवल्ली तिथून जवळ. राघोबादादांचा तिथे वाडा होता आणि गावाला नाव पडलं ते आनंदीबाईंवरून. बायकोच्या नावाचं गाव! नवरा-बायकोच्या कादंबरीला याहून बरी सुरुवात कुठली मिळणार? पण 'ध' चा 'मा' करणारी कपटी बाई हा साचा तिच्यावर इतका घट्ट बसलाय, की प्रेमकथेची नायिका म्हणून ती मला अजून भेटलेली नाही. तुम्हाला कुठे भेटली असेल तर पुस्तकाचं नाव कळवा, वाचनालयात शोधते.