पाच लाखांची बाग की पंचवीस झाडं?

प्रश्न सांगोला तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा आहे. घरामागे २० गुंठे मुरमाड जमीन, महिन्याला ३८,००० पेन्शन, आणि १४ महिन्यांपूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेले १५ लाख. त्यातले ५ लाख काढून बोअर, ठिबक, कुंपण आणि डाळिंबाची ८० झाडं, असा बेत आहे. ‘पाचव्या वर्षापासून दीड लाख सुटतील’ हा त्यांचा हिशोब. घरातून विरोध आहे.

गुरुजी, नमस्कार.

आधी खात्याचं बोलू. या योजनेत थोडी रक्कम काढता येत नाही, आख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झालंय पण दोन व्हायचीत, म्हणजे दीड टक्का कपात, तीही पूर्ण १५ लाखांवर. २२,५०० रुपये बागेत पहिला खड्डा पडायच्या आधीच गेले. उरलेले १० लाख नव्या खात्यात ठेवता येतील, पण ५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला मिळणारं ४१,००० व्याज थांबलं. डाळिंबाचं पैसे देणारं पीक हाती यायला तीन वर्षं धरा. तोवर सव्वा लाखाच्या आसपास व्याज बुडालेलं असेल. ते तुमच्या कागदावर कुठेच नाही.

आता पाणी. खरा प्रश्न हाच आहे, झाडं नंतर. तुम्हीच लिहिलंय की शेजारची बोअर मार्चमध्ये गुळण्या टाकते आणि १०,००० लिटरचा टँकर १,५०० ला पडतो. भरात आलेल्या डाळिंबाला उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटर धरा. ८० झाडांना ४,००० लिटर, म्हणजे अडीच दिवसांना एक टँकर. चार महिन्यांत ४८ टँकर, ७२,००० रुपये. तुमच्या दीड लाखातला निम्मा इथेच संपला, आणि फवारणीचा खर्च अजून धरलेला नाही.

फवारणीवरून आठवलं. माझ्या मामांची आटपाडीकडे भगवा जातीच्या डाळिंबाची दीड एकर बाग होती. तेल्या रोग आला त्या वर्षी मी तिथेच होतो. हिरव्या फळावर आधी तेल सांडल्यासारखा ठिपका, मग तो काळा पडतो आणि फळ इंग्रजी ‘वाय’सारखं उकलतं. मामा रोज सकाळी उकललेली फळं पोत्यात भरून बागेबाहेर नेत. तिसऱ्या वर्षी जेसीबी बोलावला. सांगोल्यात राहून तुम्ही हे माझ्याहून जास्त पाहिलं असेल, म्हणूनच तुमच्या हिशोबात त्याला एक ओळही नाही याचं नवल वाटलं.

बागच नको असं मी म्हणत नाही. हा खर्च पेन्शनमधून झेपेल एवढाच ठेवा, आणि जी झाडं उन्हाळ्यात स्वतःहून झोपतात ती लावा. सीताफळ आणि बोर दोन्ही उन्हाळ्यात पानं गाळून विश्रांती घेतात. ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात ही सवय म्हणजे अर्धी बचत. बोराला तर रोपांचाही खर्च नको. गावठी बोराच्या बिया जागेवरच टोका, पुढच्या वर्षी त्यावर उमराण जातीच्या बोराचे डोळे भरून, म्हणजे कलम करून घ्या. जागेवर उगवल्यामुळे सोटमूळ शाबूत राहतं आणि खोल जातं. पिशवीतल्या रोपाचं ते बरेचदा गुंडाळलेलं असतं.

१५ सीताफळं आणि १० बोरं, एवढ्यावर सुरुवात करा. पहिले दोन उन्हाळे झाडाला दिवसाआड १५ लिटर द्या, बुंध्याशी पाचटाचं जाड आच्छादन ठेवा. चार महिन्यांचे साडेबावीस हजार लिटर होतात, म्हणजे सव्वादोन टँकर. खड्डे, शेणखत, कलमं, साधं ठिबक आणि काटेरी तारेचं कुंपण धरून तुमच्या भागात ६०-७० हजारांत बसायला हवं. पेन्शनमधून महिन्याला ६,००० बाजूला टाकले तर वर्षात जमतात. कुंपणात मात्र काटकसर नको, शेळ्या एका दुपारी दोन वर्षांचं काम खातात.

अनुदानासाठी कृषी सहाय्यकाला भेटा. रोजगार हमी किंवा फुंडकर फळबाग योजनेत पेन्शनधारक बसतो का, ते आधीच विचारून घ्या. फुंडकर योजनेचे पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे, झाडं जगलेली पाहून मिळतात. त्यावर भांडवल उभं करू नका. आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून एवढ्यात खूश होऊ नका. आधी उत्पन्न तर येऊ द्या.

या झाडांतून घरी खायला, लेकीकडे पाठवायला आणि हंगामात आठवडी बाजारात दोन-चार क्रेट एवढंच धरा. त्यावर घर चालणार नाही. तुमचं घर पेन्शनवर चालतंच आहे, म्हणून तर हा शौक परवडतो.

बोअरचं एवढ्यात ठरवू नका. येत्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांची बोअर कोणत्या तारखेला कोरडी पडते आणि पावसानंतर कधी परत चालू होते, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दोन तारखा मला कळवा, मग बोअरचं बोलू. तोवर १५ लाखांना हात लावू नका, आणि हे पत्र घरी बाईंनाही वाचायला द्या.