१७-सी घेतल्याशिवाय उठू नका : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जगात कुठेतरी एखादा हुकूमशहा पायउतार झाला, मग तीच युक्ती आपल्याकडे चालेल का, अशी पत्रे सतत येत आहेत. बहुतेकांचा आधार व्हॉट्सॲपवरचा अर्धवट मजकूर. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो.

लोकसंख्येच्या ३.५ टक्के लोक रस्त्यावर उतरले की कोणतीही राजवट कोसळते, हे खरे का? (विद्यार्थिनी, परळ)

नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एरिका चेनोवेथ यांनी मारिया स्टीफन यांच्यासोबत १९०० ते २००६ या काळातली आंदोलने अभ्यासली. अहिंसक आंदोलने हिंसक आंदोलनांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात यशस्वी झाली, हा त्यातला खरा महत्त्वाचा निष्कर्ष. ३.५ टक्के ही झालेल्या घटनांवरून केलेली नोंद आहे, हमी नव्हे. बहरीनमध्ये २०११ साली त्याहून जास्त लोक उतरले होते. राजघराणे आजही तिथेच आहे.

आमची व्यापारी संघटना निषेध म्हणून एक दिवस दुकाने बंद ठेवणार आहे. जे ऐकणार नाहीत त्यांचे काय? (घाटकोपर)

त्यांची दुकाने उघडी राहतील. स्वतःचे शटर खाली ओढणे हा तुमचा प्रश्न, शेजाऱ्याला ओढायला लावलेत तर पोलिसांचा. २००३ च्या मुंबई बंदसाठी उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाख रुपये दंड केला होता. ऑगस्ट २०२४ मधला महाराष्ट्र बंदही न्यायालयाने रोखला. पत्रक छापण्याआधी वकिलाला दाखवा.

माझा छोटा कारखाना आहे. सत्तेशी वैर घेऊन कामगारांचे पगार कुठून देऊ? (अंधेरी)

एकट्याने वैर घेऊच नका. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथच्या कृष्णवर्णीय ग्राहकांनी १९८५ साली गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला. गल्ला आटल्यावर तेच दुकानदार सरकारकडे तडजोडीची रदबदली करू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अँग्लो अमेरिकन या खाणकंपनीचे अध्यक्ष गॅव्हिन रेली इतर उद्योजकांना घेऊन झांबियात गेले आणि बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या नेत्यांना भेटले. तुम्हीही जे म्हणायचे ते संघटनेच्या ठरावातून म्हणा. त्याआधी जीएसटी, पीएफ आणि फायर एनओसीच्या फायली सीएसोबत बसून तपासून घ्या. पहिली धाड तिथेच पडते.

विरोधकांचा एकच उमेदवार असल्याशिवाय काही होत नाही ना? (डोंबिवली)

१९७७ साली जनता पक्षाला एकीने सत्ता मिळाली. २०२२ साली हंगेरीत सहा पक्ष एकत्र लढूनही हरले. २०२३ साली पोलंडमध्ये विरोधक तीन वेगवेगळ्या याद्यांवर लढले आणि त्यांना मिळून बहुमत मिळाले. मतदानाची पद्धत बघून ठरवायची गोष्ट आहे ही.

मी पोलिंग एजंट होतो. आमच्या केंद्रावर मते वाढवली असे सगळे म्हणतात. आता काय करू? (भांडुप)

‘सगळे म्हणतात’ हे न्यायालयात चालत नाही. तुमच्याकडे १७-सी आहे का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही, आणि नेमका इथेच माझा जीव तुटतो. लोकसभा-विधानसभेचे मतदान संपले की केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतात. त्यात मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचा क्रमांक असतो आणि एकूण किती मते नोंदली गेली तो आकडा असतो. हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला त्याची प्रत द्यावीच लागते, १९६१ च्या निवडणूक नियमांत तसे लिहिले आहे. पण हजर असलेल्यालाच. आपले कार्यकर्ते पाच वाजता बॅग उचलतात आणि पुढे वर्षभर हेराफेरीच्या गोष्टी सांगतात. मोजणीच्या टेबलावर यंत्र आले की तो क्रमांक आणि तो आकडा प्रतीशी ताडायचा, फरक दिसला तर जागच्या जागी लेखी हरकत द्यायची. प्रतच नसेल तर ताडणार कशाशी?

चिलीत ५ ऑक्टोबर १९८८ रोजी हुकूमशहा पिनोशेला सत्तेवर ठेवायचे का, या सार्वमतात विरोधकांनी केंद्राकेंद्रावर माणसे बसवली आणि आकड्यांची स्वतः बेरीज केली. सरकार निकाल लांबवत राहिले. शेवटी हवाई दलाचे प्रमुख मात्थेई बैठकीला आत जाता जाता पत्रकारांना सांगून गेले की ‘नाही’ जिंकले आहे. सुमारे ५६ टक्के मते पिनोशेच्या विरोधात होती. व्हेनेझुएलात जुलै २०२४ मध्ये विरोधकांनी ८० टक्क्यांहून जास्त यंत्रांची मतमोजणीची पत्रके गोळा करून जाहीर केली. राष्ट्राध्यक्ष मादुरो तेव्हा तरीही खुर्चीवर राहिले, पण अनेक देशांनी तो सरकारी निकाल नाकारला तो या पत्रकांमुळेच.

पैसे घेऊन ‘फॉरेन्सिक अहवाल’ देऊ करणाऱ्यांच्या नादी लागू नका. जाहीर आकड्यांचेच आलेख काढून ते तुम्हाला विकतात. निवडणूक याचिकेला निकालापासून ४५ दिवस मिळतात, पालिकेला त्याहून कमी. आजच निवडणूक कायदा जाणणारा वकील गाठा.

न्यायालयात जाण्यात अर्थ उरला आहे का? (गिरगाव)

आहे. आणीबाणीत मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानेच १९७६ साली तो आदेश मोडीत काढला.

‘शंभर टक्के गुप्त’ म्हणून विकले जाणारे व्हीपीएन (इंटरनेटवरची ओळख झाकणारी सेवा) घ्यावे का? (चेंबूर)

नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांचा तपशील ५ वर्षे ठेवायचा आहे.

मेणबत्ती मोर्चाला परवानगी लागते का? (दादर)

लागते. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.