लेकरांसोबत कयाकमधे बसायचंय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲरिसेगला गाईडसोबत केलेल्या कयाक (वल्हं मारत न्यायची अरुंद होडी) सहलीबद्दल थोडंसं लिहिलं होतं. त्यावर आपल्या मराठवाड्यातून इतके मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. हल्ली घरटी एक लेकरू परदेशात आहे, आईवडील जाऊन येतात, आणि गेलं की पोरं असलं काहीतरी बुक करून ठेवतात. प्रश्न खरे आहेत, म्हणून उत्तरं जरा लांबली तरी चालवून घ्या.

प्रश्न (लातूर): ताई, मुलगा ग्लासगोला नोकरीला आहे, जूनमधे आम्ही दोघं जायलोत. त्यानं सगळ्यांसाठी गाईडसोबत अर्ध्या दिवसाचं कयाकिंग बुक करून ठेवलंय, समुद्रात. मी 61 चा, मला अन् हिला दोघांनाही पोहता येत नाही, नातवंडं 7 आणि 11 वर्षांची. समुद्र आम्ही एकदाच बघितला, गणपतीपुळ्याला, तोही काठावरून. जावं का?

उत्तर: जा काका, नक्की जा. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते बघितलेली माणसं तुम्ही, पाण्याची किंमत तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही, पण या पाण्याचा स्वभाव वेगळा आहे तेवढा समजून घ्या.

पोहता न येणं ही अडचण आहे पण सगळ्यात मोठी नाही. मोठी अडचण गारठ्याची. जूनमधे तिथल्या समुद्राचं पाणी साधारण 11-12 डिग्री असतं, ऑगस्टमधे 13-14 होतं, बस. आपल्या विहिरीचं पाणी भर उन्हाळ्यात गार लागतं ना, हे त्याच्या निम्म्यावर. ॲरिसेगला आमच्या गाईडनं निघायच्या आधी सगळ्यांना कंबरभर पाण्यात उभं केलं आणि म्हणाली आता खांद्यापर्यंत बसा. मी बसले आणि श्वास छातीतच अडकला, नुसता हा-हा-हा असा आवाज निघायला लागला, लेकीला हाक मारायची होती पण शब्द फुटेना. अंगात जाड वेटसूट, म्हणजे ऊब धरून ठेवणारा रबरी पोशाख, असून ही गत. ती शांतपणे आकडे मोजत होती. मिनिटभरानं श्वास ताळ्यावर आला तेव्हा म्हणाली, पाण्यात पडलात तर हेच होईल, घाबरू नका, हातपाय झाडू नका, उताणे पडा, कान पाण्यात जाऊ द्या आणि श्वास परत येईपर्यंत नुसतं तरंगा. ब्रिटनची लाइफबोट संस्था आर.एन.एल.आय. लोकांना नेमकं हेच शिकवते. चांगलं पोहणारी माणसंसुद्धा गार पाण्यात पहिल्या दोन-तीन मिनिटांतच गटांगळ्या खातात, कारण नेमका श्वास आत ओढायच्या वेळेला तोंड पाण्याखाली असतं.

म्हणून अंगावरचं जाकीट महत्त्वाचं. त्याला ते बॉयन्सी एड म्हणतात, त्यानं माणूस तरंगतो आणि हातही मोकळे राहतात. नातवंडांना घातल्यावर तुम्ही स्वतः एक करून बघा, जाकिटाचे दोन्ही खांदे धरून वर उचला, कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, लगेच गाईडला सांगायचं, लाजायचं नाही. लहान लेकरांच्या जाकिटाला मांड्यांमधून जाणारा पट्टाही असतो, तो लावलाय का बघा.

दोघं नवरा-बायको एकाच कयाकमधे बसू नका, दोघांनाही पोहता येत नाही म्हणून. डबल कयाक मिळते, पुढं नवखं माणूस आणि मागं सराव असलेलं, तुम्ही मुलासोबत बसा, वहिनी गाईड सांगेल तशा. वरून उघडी असलेली, जिच्यावर नुसतं बसायचं असतं अशी कयाक मागा, उलटली तर माणूस आपोआप बाहेर पडतो. आणि बीपीची गोळी चालू असेल, गुडघा दुखत असेल, तर बुक करतानाच सांगा. गुडघ्याचं मुद्दाम म्हणते कारण वल्हं मारण्यापेक्षा कयाकमधे उतरणं-चढणं जास्त अवघड जातं.

प्रश्न (नांदेड): कॅनो आणि कयाक यात फरक काय? आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला कशात बसवावं?

उत्तर: कॅनो वरून पूर्ण उघडी असते, वल्ह्याला एकच पातं, माणूस त्यात उंच बसतो नाहीतर गुडघ्यावर. कयाक अरुंद, वल्ह्याला दोन्हीकडे पाती, पाय पुढं लांब करून बसायचं. ब्रिटनमधे बोलताना दोन्हीला मिळून कॅनोइंग म्हणून टाकतात, त्यामुळं बुक करताना नेमकी कुठली होडी ते विचारून घ्या.

पाच वर्षांच्या लेकराला कॅनो बरी. मधे बसतं, डबा, पाणी, कोरडे कपडे सगळं सोबत राहतं, त्याला झोप आली तरी चालतं. फक्त कॅनोला वारा फार लागतो म्हणून तिला जमिनीत आत घुसलेल्या समुद्राच्या निवांत पाण्यातच न्यायची. तिकडं अशा फाट्यालाही लॉखच म्हणतात आणि गोड्या पाण्याच्या तळ्यालाही लॉखच, नाव ऐकून तलाव समजू नका. लॉख कॅरनच्या काठचं प्लॉक्टन गाव लहान लेकरांसाठी मला फार आवडलं. खाडी आडोशाला आहे, काठावर ताडासारखी झाडं, हे स्कॉटलंड आहे असं वाटतच नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मागच्या वर्षी आम्ही पाच जण, दोन लहान मुलं धरून, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबानजवळ कयाकिंगला गेलो होतो. चार तास गाडी चालवून पोचलो, लख्ख ऊन, पाणी काचेसारखं, आणि गाईडनं किनाऱ्यावर उभं राहून सांगितलं आज जाणार नाही. दुसरा दिवस देतो म्हणाला पण आमचं विमान होतं. मुलं रडली. एवढ्या चांगल्या हवेत नाही म्हणायचं काय कारण? फसवणूकच वाटली आम्हाला.

उत्तर: तुमचा राग मला समजतो, लेकरांना कबूल केलेली गोष्ट झाली नाही की आपल्याच पोटात तुटतं. पण तुम्ही लिहिलेल्या चार ओळींतच मला उत्तर दिसतंय. काठाचं पाणी काचेसारखं होतं म्हणता, म्हणजे बहुतेक वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहत असणार. असा वारा असला की काठाला डोंगराचा, झाडांचा आडोसा मिळतो, लाट उठत नाही, सगळं शांत दिसतं. दोनशे-तीनशे मीटर आत गेलं की तोच वारा पाठीवर बसतो आणि आत आत नेत राहतो. जाताना कयाक आपोआप पळते म्हणून पोरं खूश, परत फिरल्यावर कळतं की वल्हं मारून मारून हात गळाले तरी किनारा जवळ येईना. मोठा माणूस कसंबसं खेचेल, आठ वर्षांचं लेकरू कसं खेचणार.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. पश्चिम किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, म्हणजे दीड मजला समजा. साधारण सहा तासांत एवढं पाणी यायचं किंवा जायचं, आणि ते सारख्या वेगानं जात नाही, मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं सरकतं. अरुंद जागेतून ते सरकलं की नदीसारखी धार लागते. ओबानच्या जवळच कॉनेलच्या पुलाखाली ओहोटीला समुद्राचं पाणी अक्षरशः धबधब्यासारखं उकळतं, फॉल्स ऑफ लोरा म्हणतात त्याला. आणि दक्षिणेला जुरा आणि स्कार्बा बेटांच्या मधे कोरीव्रेकनचा भोवरा. 1947 च्या ऑगस्टमधे लेखक जॉर्ज ऑर्वेल, तेव्हा तो जुरावरच राहत होता, तीन वर्षांचा मुलगा आणि भाचरं घेऊन मोटरबोटीनं सहलीला गेला होता. परत येताना पाण्याच्या वेळेचा अंदाज चुकला, भोवऱ्यांच्या पट्ट्यात सापडले, इंजिन निखळून समुद्रात गेलं, एका खडकाळ बेटापाशी बोट उलटली. लॉबस्टर धरणाऱ्या कोळ्यांनी बघितलं म्हणून सगळे वाचले. त्या भागात राहणारा माणूस आणि हाताशी इंजिनाची बोट असून ही वेळ आली.

ॲरिसेगला आमची गाईड निघायच्या आधी पाऊण तास काय करत होती ते मी बघत बसले होते. नांगरून ठेवलेल्या होड्यांची तोंडं कुठं वळलीत ते बघितलं, कारण होडी वाऱ्याकडं नाहीतर धारेकडं तोंड करून उभी राहते. मग वाळूवरचं शेवाळ उचलून पाण्यात टाकलं आणि ते कुठं आणि किती भराभर वाहतंय ते बघत राहिली. मग म्हणाली ठरलेल्या बेटावर जायचं नाही, अलीकडच्या खडकांमधेच फिरू. मला तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं. दुपारी परतलो तेव्हा सकाळी ज्या गल्लीतून कयाक काढली तिथं पांढरी वाळू उघडी पडली होती आणि पलीकडच्या मोकळ्या पाण्यावर पांढऱ्या लाटा फुटत होत्या.

आपण गाईडला पैसे देतो ते वल्हं शिकवायचे असं आपल्याला वाटतं. वल्हं तर लेकरं दहा मिनिटांत शिकतात. पैसे त्या शेवाळाकडं बघण्याचे आहेत, आणि बघून नाही म्हणण्याचे. तुमच्या गाईडनं रडणारी लेकरं, चिडलेले आईवडील आणि बुडणारी कमाई समोर असून नाही म्हटलं, मला तो माणूस भरवशाचा वाटतो. पुढच्या वेळी एवढं करा, सहल मुक्कामाच्या पहिल्या दोन दिवसांत ठेवा म्हणजे रद्द झाली तर हाताशी दुसरा दिवस राहतो, आणि रद्द झाल्यावर पैशाचं काय ते बुक करतानाच लेखी विचारा.

प्रश्न (परभणी): गाईड खरंच शिकलेला आहे का हे आपल्याला कसं कळणार? तिकडं सरकारी लायसन असतं का?

उत्तर: असतं, पण त्यात एक मेख आहे. 22 मार्च 1993 ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बेमधे एका केंद्रानं शाळेच्या मुलांना कयाकमधून समुद्रात नेलं आणि चार मुलं दगावली. आईवडिलांनी लावून धरलं आणि 1995 ला कायदा झाला, 18 वर्षांखालच्या मुलांना असल्या धाडसी खेळाला नेणाऱ्यांना लायसन लागायला लागलं. मेख अशी की आईवडील सोबत असतील तर ते बंधनकारक नाही. म्हणजे कुटुंबाच्या सहलीत तपासायचं काम आपलंच. सरळ विचारा, समुद्रावर न्यायचं प्रशिक्षण कुठलं घेतलंय (नुसतं तळ्यातलं नको), प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट आहे का, एका गाईडमागे किती माणसं. लेकरं असताना सहाच्या वर माणसं असतील तर मी तरी जाणार नाही. गाईडजवळ वायरलेस, ओढायची दोरी, जादा वल्हं दिसायला पाहिजे. मोबाइलच्या भरवशावर असणाऱ्याबरोबर जाऊ नका, त्या किनाऱ्यावर रेंज कधी जाईल सांगता येत नाही. चांगला गाईड असल्या प्रश्नांनी चिडत नाही.

प्रश्न (बीड): कपडे काय घालावेत? सासूबाई साडीच नेसतात. आणि खायला काय न्यायचं?

उत्तर: कयाकमधे साडी नको, ताई. ओली झाली की पायात गुंडाळते आणि उलटल्यावर बाहेर निघता येत नाही, हे सासूबाईंना नीट समजावून सांगा, त्या ऐकतील. सुती कपडा आणि जीन्सही नको, भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो. आत लोकरीचं किंवा खेळाडू घालतात तसं टीशर्ट, वरून वेटसूट आणि पाणी न लागणारं जाकीट गाईडच देतात. मंगळसूत्र, बांगड्या खोलीवर ठेवा, चष्म्याला दोरी बांधा. गाडीत पायाच्या नखापासून डोक्यापर्यंतचा कोरडा जोड ठेवा, टोपीसकट.

खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या, आम्ही नेले होते, वाळूवर बसून थर्मासच्या चहासोबत खाल्ले, गाईडनंही दोन मागून घेतले. फक्त वारा पडला की मिज नावाच्या बारीक चिलटांचा थवा येतो, जून ते ऑगस्ट जास्त, नुसतं फोडून काढतात. लांब बाह्या आणि डोक्यावरची जाळी असू द्या. पाण्यावर वारा असतो तिथं त्यांचा त्रास होत नाही.

प्रश्न (इयत्ता सातवीतली वाचक, हिंगोली): सील मासे चावतात का? जवळ जाऊन फोटो काढता येतो का?

उत्तर: बेटा, सील मासा नाही, आपल्यासारखाच पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे. ते पाण्यातून नुसती डोकी वर काढून बघतात तेव्हा विहिरीत सोडलेले भोपळे तरंगताहेत असं वाटतं. जून-जुलैमधे तिथल्या कॉमन सीलना पिल्लं होतात, माद्या खडकांवर पडून पाजत असतात. आपण जवळ गेलो की घाबरून धाडकन पाण्यात उड्या टाकतात आणि पिल्लू मागं राहतं. 2010 च्या स्कॉटलंडच्या कायद्यानं त्यांच्या ठरवून दिलेल्या जागांवर त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. खडकावरच्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या की समजायचं, आपण फार जवळ आलो, आणि हळूच मागं सरकायचं. वल्हं मांडीवर ठेवून गप्प बसलीस तर तेच तुझ्या कयाकच्या मागं येतील. माझ्या लेकीच्या मागं एक पाव तास येत होता, ती वळली की बुडायचा, पुढं बघायला लागली की परत वर.

प्रश्न (पैठण): हे सगळं नाथसागरात का होऊ नये?

उत्तर: व्हावं असं मलाही मनापासून वाटतं. पण नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय काही होणार नाही आणि पक्ष्यांसाठी ते बरोबरच आहे. दुसरं, एवढ्या पसरलेल्या पाण्यावर दुपारनंतर वारा सुटला की लाटा उठतात, तुम्ही काठावरचे, तुम्हाला माहीत आहे. कयाक येईल तेव्हा येईल. आज जी माणसं चप्पूवर (साध्या तराफ्यावर) बसून शेताला जातात, शाळेची लेकरं ने-आण करतात, त्यांच्या अंगात जाकीट नसतं, ते आधी यायला पाहिजे. तुमच्या गावात किती चप्पू आहेत आणि त्यावर रोज किती लेकरं बसतात ते मला लिहून पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच लिहिते.